समुपदेशकाची नोंदणी, पात्रता आणि कायद्याच्या मर्यादा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मानसशास्त्रात एम.ए. करून समुपदेशनाच्या क्षेत्रात येऊ पाहणारे विद्यार्थी सर्वांत आधी विचारतात ते हे की, याचा परवाना कुठे मिळतो. डॉक्टरांसाठी वैद्यक परिषद आहे, वकिलांसाठी बार कौन्सिल आहे, तसे समुपदेशकांसाठीही एखादे कार्यालय असेल आणि तिथे अर्ज केला की काम सुरू करता येईल, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात 'समुपदेशक' म्हणून काम करणाऱ्या सर्वांना लागू होणारा एकच परवाना भारतात नाही. वेगवेगळ्या पदांसाठी वेगवेगळे कायदे आहेत, आणि त्यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा राहिलेली आहे. त्या जागेत वर्षानुवर्षे निष्ठेने काम करणारी माणसे आहेत, तसेच दोन दिवसांच्या कार्यशाळेच्या बळावर दारावर पाटी लावणारेही आहेत. मदतीसाठी आलेल्या त्रस्त माणसाला या दोघांतला फरक बाहेरून कळत नाही, त्यामुळे आपण कोणत्या नोंदणीत बसतो आणि कोणत्या नाही, हे स्पष्ट करण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

पहिली पायरी: आपण नेमके कोण, हे ठरवा

मानसोपचारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. झालेला आणि त्यानंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. त्याची नोंदणी वैद्यक परिषदेकडे होते आणि तो औषधे लिहून देऊ शकतो. इथे गोंधळ फारसा होत नाही.

खरा गोंधळ होतो तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या पदाबाबत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये या पदाची व्याख्याच दिलेली आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आर.सी.आय.ने, मान्यता दिलेल्या संस्थेतून क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्यताप्राप्त पात्रता मिळवणे ही तिच्यातली मुख्य अट आहे. आजवर ही पात्रता प्रामुख्याने दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.मधून मिळत आली असून, देखरेखीखाली रुग्णांसोबत केलेले प्रत्यक्ष काम हा त्या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. मानसशास्त्रातील नुसत्या एम.ए.ने कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, मग विद्यापीठाने गुणपत्रिकेवर 'विशेषीकरण: क्लिनिकल' असे छापलेले असले तरीही. ही गोष्ट पदवीदान समारंभानंतर समजलेले अनेक विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि महाविद्यालयांनी ती प्रवेशाच्या वेळीच स्वच्छ शब्दांत सांगायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

तिसरा आणि सर्वांत मोठा गट एम.ए. किंवा एम.एस्सी. झालेले मानसशास्त्रज्ञ, समुपदेशनाची पदविका घेतलेले, शाळांमध्ये, स्वयंसेवी संस्थांमध्ये आणि खासगी केंद्रांत काम करणारे समुपदेशक यांचा आहे. समाजकार्यातून आलेल्यांपैकी मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्त्यांसाठी 2017 च्या कायद्यात स्वतंत्र व्याख्या आहे. बाकीच्यांसाठी राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, 2021 महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

दुसरी पायरी: पदवी तपासून घ्या, शक्यतो प्रवेशाआधीच

क्लिनिकल सायकॉलॉजीकडे जायचे असेल, तर केवळ विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही. त्या विशिष्ट संस्थेतील तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या शैक्षणिक वर्षासाठी आर.सी.आय.च्या यादीत असावा लागतो. मान्यता ठरावीक मुदतीची असते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या विद्यार्थ्याची नोंदणी झाली म्हणून आपलीही होईल, असे गृहीत धरू नये. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. प्रवेश-शुल्क भरण्यापूर्वी त्या यादीत संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि मान्यतेची मुदत या तिन्ही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात आणि त्या पानाची प्रत जपून ठेवावी.

एम.फिल.बाबतही एक बदल ध्यानात ठेवायला हवा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार एम.फिल. ही पदवी बंद करण्याचा निर्णय झाला, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांच्या एम.फिल.ना विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025-26 पर्यंतच्या प्रवेशांसाठी मुभा दिली. त्यामुळे आज बारावीत किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याने सीनियर मंडळींनी सांगितलेला जुना मार्ग डोळे मिटून धरू नये. आपण पात्र होऊ त्या वर्षी परिषद कोणता अभ्यासक्रम मान्य करते आहे, ते पाहावे.

दूरस्थ शिक्षणाचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे, कारण नोकरी सांभाळून किंवा लग्नानंतर पुन्हा शिक्षण सुरू करून समुपदेशनाकडे वळणाऱ्या स्त्रियांची संख्या इथे मोठी आहे आणि त्यांतील अनेकींनी दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एम.ए. केलेले असते. 2021 च्या कायद्याच्या कक्षेत येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम, आणि त्यांत मानसशास्त्रही आले, जुलै-ऑगस्ट 2025 पासूनच्या सत्रात दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने संस्थांना कळवले आहे. तेव्हा आता कोणी दूरस्थ मानसशास्त्राच्या नव्या प्रवेशाची जाहिरात दाखवली, तर ती पुन्हा पुन्हा तपासावी. ज्यांनी याआधी अशी पदवी घेतली आहे, त्यांनी प्रवेशाचे वर्ष, त्या वर्षी विद्यापीठाला असलेली दूरस्थ शिक्षणाची मान्यता आणि प्रात्यक्षिकांची प्रमाणपत्रे एकाच फाइलमध्ये लावून ठेवावीत.

तिसरी पायरी: पुनर्वास परिषदेकडील नोंदणी

ज्यांची पात्रता आर.सी.आय.च्या कक्षेत येते, त्यांना निकालानंतर केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव घालून घ्यावे लागते. अर्ज ऑनलाइन असतो. त्याला गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र, छायाचित्र आणि शुल्क लागते. अडचण बहुधा नावात येते. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, पदवीवर सासरचे आणि आधारवर वडिलांचे नाव मधून गाळलेले, असे असेल तर अर्ज अडकून पडतो. म्हणून नावबदलाचे राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र आधीच तयार ठेवावे.

ही नोंदणी ऐच्छिक नाही. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, 1992 च्या कलम 13 नुसार नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीला पुनर्वास व्यावसायिक म्हणून भारतात कुठेही व्यवसाय करता येत नाही, सरकारी किंवा स्थानिक संस्थेत तशा पदावर राहता येत नाही आणि कायद्याने अशा व्यावसायिकाच्या सहीने द्यावयाच्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही. या तरतुदीचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. एक हजारांचा दंड आजच्या काळात कोणालाही परावृत्त करू शकेल असे मला वाटत नाही, पण खोट्या सहीच्या अहवालावर एखाद्या मुलाच्या परीक्षेतील सवलती किंवा एखाद्या कुटुंबाचा न्यायालयीन दावा अवलंबून असतो, हे लक्षात घेतले की या कलमाचे महत्त्व कळते. नोंदणीला मुदत असते. नूतनीकरणासाठी परिषदेने मान्य केलेल्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांना हजर राहून गुण मिळवावे लागतात, तेव्हा त्यांची प्रमाणपत्रे पहिल्या वर्षापासूनच साठवावीत.

याखेरीज 2017 च्या कायद्याच्या कलम 55 नुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेही व्हायची असते. या कायद्याच्या अर्थाने 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' ठरण्यासाठी ती लागते. आर.सी.आय.चा क्रमांक मिळाला म्हणजे काम संपले, असे समजून अनेकजण हा दुसरा टप्पा सोडून देतात.

चौथी पायरी: 2021 चा कायदा आणि बाकीचे समुपदेशक

राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, 2021 हा समुपदेशकांच्या दृष्टीने अलीकडच्या काळातील सर्वांत महत्त्वाचा बदल आहे. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्यशास्त्राचा एक गट आहे. त्यात मानसशास्त्रज्ञ, एकात्मिक वर्तन-आरोग्य समुपदेशक, एच.आय.व्ही. आणि कुटुंबनियोजन समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्ते, मानसिक आरोग्य सहायक कार्यकर्ते अशी पदे नमूद आहेत. अपंग व्यक्तींच्या संदर्भात पुनर्वास परिषदेच्या कक्षेत येणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तेवढे त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे ज्यांना आजवर कोणतेच दार नव्हते, त्यांच्यासाठी राष्ट्रीय आयोग, राज्य परिषद आणि नोंदवही अशी चौकट कायद्याने निर्माण केली आहे. नोंदवहीत नाव नसताना ते आहे असे भासवणाऱ्याला पहिल्या वेळी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ही चौकट सर्व राज्यांत एकाच वेगाने उभी राहिलेली नाही. म्हणून आपल्या राज्याची परिषद मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांचे अर्ज केव्हा, कोणत्या पात्रतेवर आणि कोणत्या कागदपत्रांसह स्वीकारते, हे तिच्या अधिकृत सूचनेतूनच पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'आजच नोंदणी करा, उद्या शेवटची तारीख' अशा संदेशांवरून कोणाच्याही खात्यात पैसे भरू नयेत.

तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. या कायद्याने पात्रता तासांत मोजली आहे: संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान 2000 तासांचा आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3600 तासांचा अभ्यासक्रम. तेव्हा शिक्षणाच्या काळात आपण कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, किती तास, कोणत्या प्रकारचे काम केले याची नोंदवही ठेवणे अतिशय मोलाचे ठरू शकते. प्रत्येक इंटर्नशिपनंतर संस्थेच्या लेटरहेडवर, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास, देखरेख करणाऱ्याचे नाव, त्याचा नोंदणी क्रमांक आणि सही असे पत्र तिथून निघतानाच मागून घ्यावे. 'हिने आमच्याकडे चांगले काम केले' एवढ्याच मजकुराच्या पत्राचा पुढे उपयोग होत नाही, आणि चार वर्षांनी ती संस्था किंवा ते सुपरवायझर सापडतीलच असेही नाही.

जे परवाने नाहीत

खासगी खोली घेऊन काम सुरू करताना महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापना कायदा, 2017 लागू होतो. कामगारांची संख्या कमी असेल तर ऑनलाइन सूचना देऊन पोच मिळते. तिलाच लोक अजूनही गुमास्ता म्हणतात. व्यवसाय कराची नोंदणी वेगळी, लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी वेगळी. हे सारे करावे, पण यांपैकी एकही कागद आपल्याला माणसाच्या मनावर काम करण्यास पात्र ठरवत नाही. उद्यमचे प्रमाणपत्र चौकटीत घालून 'भारत सरकारमान्य समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावणे ही येणाऱ्या माणसाची फसवणूक आहे. व्यावसायिक संघटनांच्या सदस्यत्वाचेही तसेच आहे. चांगल्या संघटनेची आचारसंहिता आपल्याला शिस्त लावते, तिच्या सभांतून शिकायला मिळते, म्हणून सदस्य जरूर व्हावे, पण सदस्यत्व क्रमांक नोंदणी क्रमांकासारखा छापू नये.

आपल्या केंद्रात लोकांना मुक्कामी ठेवण्याचा विचार असेल, मग ते व्यसनमुक्ती केंद्र असो की पुनर्वसन गृह, तर मात्र मामला पूर्ण बदलतो. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेले मानसिक विकारही मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत येतात, आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना जिथे दाखल करून घेतले जाते अशा आस्थापनेला प्राधिकरणाची नोंदणी घ्यावीच लागते. ती नसल्यास पहिल्या वेळी पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे आणि पुढे तो पाच लाखांपर्यंत वाढतो. तमिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळदंडांत बांधलेल्या 28 मनोरुग्णांचा आगीत मृत्यू झाला. बिननोंदणीच्या निवासी केंद्रांकडे डोळेझाक केली की काय घडू शकते, हे त्या दिवशी देशाने पाहिले आहे.

पाचवी पायरी: पाटी, कार्ड आणि कामाची हद्द

कार्डावर जे सिद्ध करता येते तेवढेच लिहावे. उदाहरणार्थ: 'एम.ए. (समुपदेशन मानसशास्त्र), अमुक विद्यापीठ, 2019, समुपदेशक, प्रौढ व्यक्ती आणि जोडप्यांसाठी, फक्त पूर्वनियोजित वेळेनुसार'. आर.सी.आय. क्रमांक असेल तर तो पूर्ण लिहावा, म्हणजे कोणालाही तपासता येईल. पीएच.डी. असल्यास नावाआधी 'डॉ.' लिहिणे योग्यच आहे, पण शेजारी 'पीएच.डी., मानसशास्त्र' हेही लिहावे, कारण खेड्यातून आलेला पालक 'डॉ.' पाहून औषधाची चिठ्ठी मागतो आणि ती मिळाली नाही की आधीची चालू औषधेही निरुपयोगी समजून बंद करतो.

औषधांच्या बाबतीत नियम निरपवाद आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 106 सांगते की, आपल्या व्यवसायाच्या क्षेत्राने अधिकृत न केलेले औषध किंवा उपचार कोणत्याही मानसिक आरोग्य व्यावसायिकाने सुचवू नयेत. 'झोपेची गोळी अर्धी करून बघा' हे वाक्यसुद्धा समुपदेशकाने उच्चारू नये. आत्महत्येचे विचार, भास, तीव्र उन्माद किंवा न खाता-पिता पडून राहणे अशी लक्षणे दिसली की मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हेच समुपदेशकाचे काम असते, आणि त्यासाठी जवळच्या दोन-तीन डॉक्टरांशी आधीच ओळख करून ठेवावी. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, आणि 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारची विनामूल्य दूरध्वनी समुपदेशन सेवा आहे. ही माहिती खोलीत सर्वांना दिसेल अशी लावावी.

सहावी पायरी: संमतिपत्र आणि गोपनीयतेच्या मर्यादा

2017 च्या कायद्याचे कलम 23 मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देते आणि अपवादही सांगते: स्वतःच्या जिवाला धोका असणे, दुसऱ्याला इजा होण्याचा संभव असणे, न्यायालयाचा किंवा सक्षम प्राधिकरणाचा आदेश असणे आणि असे आणखी काही. नव्या समुपदेशकाची सर्वांत मोठी कसोटी लागते ती अल्पवयीन मुलांच्या बाबतीत. पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तसा धोका जाणवला, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, त्यातून समुपदेशक सुटत नाही, आणि न कळवल्यास शिक्षा होते. 'मी कोणालाही सांगणार नाही' असे मुलाला आधी वचन देऊन नंतर पोलीस ठाण्यात जावे लागले, तर त्या मुलाचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वासही जातो. म्हणून ही मर्यादा पहिल्या भेटीतच, मुलाच्या भाषेत आणि पालकांच्याही समक्ष सांगावी.

संमतिपत्र पोटभाषेची अडचण येणार नाही अशा साध्या मराठीत असावे. मी सुचवेन तो मजकूर असा: 'तुम्ही इथे जे बोलाल ते मी तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना, मालकांना किंवा शाळेला सांगणार नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले, अठरा वर्षांखालील मुलावर अत्याचार झाल्याचे कळले किंवा न्यायालयाने आदेश दिला, तर मात्र मला संबंधितांना कळवावे लागेल, आणि शक्य असेल तिथे ते मी आधी तुम्हाला सांगेन. माझ्या कामाबाबत मी माझ्या सुपरवायझरशी चर्चा करतो, त्या वेळी तुमचे नाव घेत नाही.' त्याखाली शुल्क, भेट रद्द करण्याचा नियम आणि नोंदी कशा ठेवल्या जातात हे लिहावे. नोंदी कुलुपात ठेवाव्यात, आणि त्या लिहिताना एक दिवस समोरची व्यक्ती त्या वाचायला मागू शकते, तसा तिला कायद्याने हक्कही आहे, याचे भान ठेवावे.

सातवी पायरी: सुपरव्हिजन

कायद्याची चौकट अपुरी असताना कामाचा दर्जा टिकवणारी सर्वांत भक्कम गोष्ट सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी व्यक्तीकडून आपले काम नियमित तपासून घेणे, ही आहे, आणि तिचा पुरावा आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. तेथील 'संगत' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी समुपदेशन करायला शिकवले, आणि त्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ठरलेली पद्धत आणि सातत्याची देखरेख असेल तर असे कार्यकर्तेही रुग्णाला बरे वाटायला मदत करतात, हे त्यातून दिसले. याचा अर्थ पदवी नको असा लावू नये. मी त्यातून असा बोध घेतो की, पदवीधर असूनही एकट्याने, कोणालाही न दाखवता काम करणारा समुपदेशक अधिक धोक्याच्या जागी उभा असतो. अनुभवी सुपरवायझर शोधावा, त्याचे शुल्क आपल्या मासिक खर्चात धरावे आणि प्रत्येक बैठकीची तारीख लिहून ठेवावी.

नोकरी आणि परदेशातील मराठी माणसे

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सुकदेब साहा प्रकरणात दिलेल्या निर्देशांनुसार, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि त्याला बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण असावे, अशी अपेक्षा आहे. शाळेत अर्ज करताना या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र वेगळे जोडावे. कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशक हे पद कुटुंब न्यायालय कायदा, 1984 खाली येते, आणि त्याची पात्रता भरतीच्या जाहिरातीत दिलेली असते.

ऑनलाइन माध्यमामुळे अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील मराठी कुटुंबे आपल्या भाषेतील समुपदेशक शोधतात, आणि नव्या समुपदेशकाला ते आकर्षक वाटते. अमेरिकेत समुपदेशकांसाठी प्रत्येक राज्याचा परवाना स्वतंत्र आहे. व्हर्जिनियाने तो 1976 मध्ये सर्वप्रथम आणला, तर कॅलिफोर्नियाने 2009 मध्ये सर्वांत शेवटी, आणि सेवा घेणारी व्यक्ती ज्या राज्यात बसलेली आहे तेथील नियम सामान्यतः लागू होतात. इंग्लंडमध्ये 'काउन्सेलर' हे पद कायद्याने राखीव नाही, पण 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट'सारखी पदे आहेत. त्यामुळे तिथल्या व्यक्तीला पुण्यातून सेवा देण्यापूर्वी तिथला नियम वाचावा, आणि संकटाच्या प्रसंगी तिच्या गावात कोणाला फोन करायचा हे पहिल्याच भेटीत लिहून घ्यावे.

तक्रारीची वाट मोकळी ठेवा

आपल्याकडे येणाऱ्या व्यक्तीला तक्रार कुठे करता येईल, हे तिला आपणच सांगावे. आर.सी.आय. नोंदणी असल्यास परिषदेकडे, 2017 च्या कायद्यातील हक्कांचा भंग झाल्यास मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, संघटनेचे सदस्य असल्यास तिच्या नीतिसमितीकडे आणि गुन्हा घडला असल्यास पोलिसांकडे. हे पत्ते संमतिपत्राच्या शेवटच्या पानावर छापावेत. तक्रार आलीच, तर त्या व्यक्तीशी परस्पर वाद घालू नये, जुन्या नोंदींत एका अक्षराचाही बदल करू नये, त्याच दिवशी सुपरवायझरला कळवावे आणि उत्तर लेखी द्यावे.